माय झोपलेली असताना

रविवारी सकाळी मी लिहिलेलं मायला वाचून दाखवते, हे ऑफिसात कुणाला सांगितलं की लोकांना फार कौतुक वाटतं. त्यांना वाटतं म्हातारी डोळे मिटून ऐकत असेल, मधूनच पदर डोळ्याला लावत असेल, लेकीच्या पाठीवरून हात फिरवत असेल. तसलं काही नाही. माय ताटात अंबाडी घेऊन निवडत बसते, इथं हैदराबादेत तिला गोंगुरा म्हणतात, आणि ऐकता ऐकता माझ्या चुका पकडते. तवा आपल्याकडं फ्रीज नव्हता. तुझा बाप सिगरेट नव्हता वढत, बिडी वढायचा. नल्लकुंट्याला आपण मागून आलो, पैले काचीगुड्याला होतो. वाक्य कसं झालंय, प्रकरण रेंगाळतंय का, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. झालं ते लिहिलंय की न झालेलं लिहिलंय, एवढंच ती बघते. कादंबरीत थोडं रचावं लागतं, हे मी तिला अनेकदा समजावलं. ती हौ म्हणते आणि पुन्हा फ्रीजवर येते.

पण मला ते सोयीचं होतं. घरात दुसरं कुणी मराठी वाचणारं नाही. नवऱ्याची बदली वारंगलला, तो शनिवारी येतो आणि रविवारी झोपतो. मुलगी इंग्रजी शाळेत शिकली, आता कॉलेजात आहे. दुकानाची मराठी पाटी ती एकेक अक्षर जुळवत वाचते आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोचली की पहिलं विसरते. मायचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षराला दाद देत नाहीत. म्हणून मोठ्यानं वाचायचं. माय जिथं मधे बोलली तिथं मी पेन्सिलनं फुली मारायची, आणि जिथं गप्प राहिली ते बरोबर धरून पुढं जायची. असा माझा शिरस्ता पडला. कुठलंच पुस्तक असं लिहू नये, हे मला फार उशिरा कळलं.

कादंबरी दादाची आहे. म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. पुस्तकात मी त्याला दुसरं नाव दिलंय, पण घरात आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे की तो दादा आहे.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. वडील रेल्वेत लागले आणि काचीगुडा स्टेशनच्या आसपासच आमचं लहानपण गेलं. घरात बुद्धवंदना, भिंतीला निळा रंग, आणि नोकरी या शब्दाबद्दल वडिलांना असलेला प्रचंड आदर. महिन्याच्या महिन्याला पगार येतो म्हणजे माणूस माणसात आला, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी जे पाहिलं होतं ते बघता ते काही चूक नव्हतं. दादाची बारावी झाल्यावर चार जणांच्या हातापाया पडून त्यांनी त्याला एका कारखान्यात चिकटवून दिलं. दादानं ती नोकरी सोडली आणि मित्राबरोबर भागीदारीत साउंडचा धंदा टाकला. लग्नाचा मांडव, गणपती, बोनालूची जत्रा, जयंतीची मिरवणूक, जिथं म्हणून आवाज मोठा करायचा असेल तिथं दादा आपले काळे खोके घेऊन हजर. वडील म्हणाले, या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. बापाचा राग चार दिवसांचा, असं आम्ही सगळे समजून होतो. दादा तसं समजला नाही.

तो उप्पलला राहायला गेला. परदेशी नव्हे, उप्पलला. नल्लकुंट्याहून बसनं जाऊन भाजी आणून परत येता येईल इतक्या लांब. आणि तिथून तो कधीच घरी आला नाही. वडील गेले तेव्हा स्मशानात आला, फाटकापाशी लांब उभा राहिला, सगळं आटोपल्यावर तिथूनच निघून गेला. मी फोन करायची. "येतो की गे, अगले हफ्ते," असं तो दर वेळी म्हणायचा. असे कितीतरी अगले हफ्ते गेले. मग एका लग्नाचं सामान घेऊन जाताना त्यांचा टेम्पो उलटला. दादा मागं खोक्यांच्या मधे बसला होता.

मायनं त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. वडील असताना त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही आणि ते गेल्यावर, तो आपण होऊन येईल, आपण कशाला मिन्नतवारी करायची, म्हणून थांबली. हट्टी घराणं आहे आमचं. पण जयंतीच्या दिवशी लांबून लाउडस्पीकरचा आवाज यायला लागला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, हा त्याचाच हाय. शहरात शेकडो साउंडवाले. तिला कसं कळायचं, तीच जाणे.

मी लिहायला बसले त्याचं कारण साधं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, मायची आठवण हळूहळू जाणार. आधी आज-कालचं, मग मागचं. वडील गेले, दादा गेला, आता तिच्या डोक्यातला दादाही जाणार म्हटल्यावर मी घाबरले. त्याच्यामागं बायको नाही, पोर नाही. माय विसरली की दादा कसा होता हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक राहणार नाही, आणि माझा माझ्यावर फारसा भरवसा नाही. ती विसरायच्या आत तो कागदावर यायला हवा होता.

जामबागेत माझं ऑफिस आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मी लिहायची, एका बाजूनं छापलेल्या टाकाऊ कागदांच्या कोऱ्या बाजूवर. कादंबरी लिहिणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तसं नसतं. स्फूर्ती वगैरे काही येत नाही. माणसाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला माझा अख्खा आठवडा जायचा. दारातून आत आणलं की तो उभाच. बसवला की त्याच्या हातांचं काय करायचं ते सुचेना. बोलायला लावला तर आणखी पंचाईत, कारण दादा आमच्या हैदराबादी भाषेत बोलायचा, निम्मी मराठी, निम्मी दखनी, वरून तेलुगूची फोडणी. पुण्याच्या वाचकाला हे कळणार नाही म्हणून मी त्याचं बोलणं स्वच्छ केलं. केलं आणि तो शाळामास्तरासारखा बोलायला लागला. मग पुन्हा निम्मं मळवलं. या धुवून वाळत घालण्याच्या भानगडीत एक दिवस लक्षात आलं की त्याचा खरा आवाज माझ्या कानात येईनासा झालाय. येतो तो मी लिहिलेला.

इथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात मी एक प्रकरण वाचलं. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेल्या एक बाई नंतर भेटल्या आणि म्हणाल्या, किती छान मराठी आहे हो तुमचं, हैदराबादचं वाटतच नाही. एरवी मी अशा माणसाला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मुकाट्यानं ढोकळा खाल्ला, कारण त्या बरोबर बोलत होत्या. दादा हैदराबादचा वाटत नव्हता.

हातांचा प्रश्न मी असा सोडवला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. पाणी पिऊन झालं की ते स्टीलचा पेला टेबलावर पालथा घालतात, धूळ पडू नये म्हणून. सवय लहानशी, पण तिच्यात माणूस दिसतो. मी ती उचलून दादाला दिली. रविवारी वाचताना मायकडं नीट बघत होते. ती काही बोलली नाही. मी पुढं गेले.

मग एकदा मुलीनं पाणी पिऊन पेला ओट्यावर ठेवला तर माय तिला म्हणाली, पालथा घाल, तुझा मामा असाच घालायचा. मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथंच थांबलं. दादा आयुष्यात कधी पेला पालथा घालत नव्हता. उलट उष्टे पेले घरभर सोडून जायचा आणि त्यावरून माय त्याच्या नावानं ओरडायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या गृहस्थांनी पाणी पिऊन पेला पालथा घातला आणि मला तिकडं बघवेना. शेजारच्या खुर्चीत दादा येऊन बसलाय असं वाटत राहिलं. ते बिचारे विचारत होते, मॅडम, तब्येत बरी नाही का.

मला वाटलं, हे मायचं चाललंय. तिची आठवण फाटत चालली आहे, त्या भोकातून माझं लिहिलेलं आत जातंय. पण माझंही तेच चाललं होतं. पुस्तकातल्या दादाच्या भुवईवर मी लहानपणी पतंग उडवताना पडून झालेली खूण दिली होती. एक दिवस कपाटातून त्याचा फोटो काढला, माझ्या लग्नातला, आणि ती खूण शोधायला लागले. कोणती बाजू ते आठवेना म्हणून दोन्ही भुवया बघितल्या. उजेडात नेऊन बघितल्या. फोटो जुना आहे, पुसट झाली असेल, असंही मनाशी म्हणाले. बऱ्याच वेळानं आठवलं की ही खूण तर मीच काढली आहे. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी कुणाला सांगितली नाही. मी त्याला वाचवायला निघाले होते आणि हातानं पुसत होते.

शहाणी असते तर तिथंच थांबले असते. पण निम्मी कादंबरी झालेली असली की ती सोडवत नाही. आणि नेमकी ती निम्म्यावरच अडली होती. वडील गेल्यानंतर आणि टेम्पो उलटण्याआधी मधे पुष्कळ काळ आहे, आणि त्यात काही घडत नाही. आयुष्यात काहीच घडलं नाही तर माणूस जगून जातो, कादंबरीत मात्र वाचक पुस्तक मिटून ठेवतो. पुण्याच्या प्रकाशकांकडचे संपादक फोनवर म्हणाले, तो एकदा तरी घरी यायला हवा. इतकी वर्षं त्याच शहरात राहून तो एकदाही आला नाही, हे वाचकाला पटणार नाही. मी म्हणाले, पण तो नाही आला. ते म्हणाले, खऱ्या आयुष्यात काहीही होऊ शकतं ताई, कादंबरीत पटावं लागतं. मला राग आला. फोन ठेवल्यावर दिवसभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. आणि खरं सांगायचं तर, भांडता भांडताच मी दार उघडून दादाला आत घेतलं.

कारण मलाही तो यायला हवा होता. त्यात संपादकांचा काय दोष.

दुपारची वेळ केली. बेल वाजते, बहीण दार उघडते, दारात तो. आत येतो, सेटीच्या अगदी कडेला बसतो. इथवर सुरळीत झालं. आता आई आतून येणार आणि मुलाला बघणार. इथं माझं घोडं पेंड खायला लागलं. आई काय म्हणेल? मी तिला रडायला लावली, ते खोटं वाटलं. गप्प ठेवली, तेही नाटकी वाटलं. का आलास म्हणायला लावली, तर मलाच तिचा राग आला. कागदांचा ढीग झाला. जेवणाच्या सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या आणि दादा आपला सेटीच्या कडेला बसून राहिलेला. मायनं त्याला प्रत्यक्षात काही म्हणायची वेळच आली नव्हती, तर मी कुठून आणू तिचे शब्द?

मग एक दिवस युक्ती सुचली. आईला झोपवली की प्रश्न मिटला. माय दुपारी जेवून प्रेशरची गोळी घेते आणि आतल्या खोलीत झोपते, हे तर खरंच आहे. बहीण तिला उठवायला निघते, तो हातानं खूण करून म्हणतो, राहू दे, झोपू दे तिला. दारातूनच झोपलेल्या आईकडं बघतो. पाणी पितो, पेला पालथा घालतो आणि जातो. एका दुपारी सगळा प्रसंग लिहून झाला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी ऑफिसातल्या सगळ्यांना इराणी चहा पाजला. संपादक म्हणाले, अख्ख्या पुस्तकातला हा सगळ्यात चांगला प्रसंग आहे, आई झोपलेली ठेवण्यात तुमचं खरं कौशल्य आहे. कौशल्य कसलं, मला संवाद जमत नव्हते. पण स्तुती कुणाला नको असते. मी ती ठेवून घेतली.

रविवारी तो प्रसंग मी मायला वाचायला घेतला. ती थांबवेल, म्हणेल, तो कधी आलता, हे काय लिहिलंस, याची मी वाट बघत होते. तिनं अंबाडीची पानं खुडणं थांबवलं नाही आणि काही बोललीही नाही. वाचून झाल्यावर ताट उचललं आणि आत गेली. तिला कळलं की हे रचलेलं आहे आणि तिनं ते चालवून घेतलं, असा मी अर्थ काढला. मला बरंच वाटलं. माझ्या शिरस्त्याप्रमाणे तो प्रसंग पास झाला होता.

पुढं काही दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अम्मा सांगत होत्या तुमचे भाऊ येऊन गेले होते म्हणून, घरी, तुमचे वडील गेल्यानंतर. बरं झालं, निदान एकदा तरी घर बघून गेले. मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? वर आल्यावर मुलीनं मला कोपऱ्यात घेतलं. आज्जी तिलाही तेच सांगत होती. तिनं विचारलं, "मम्मी, मामा सच्ची आले होते क्या?" मी म्हणाले, नाही, ते माझ्या पुस्तकात आहे. आज्जीला काही बोलू नकोस. मुलगी म्हणाली, मग ठीक आहे ना, आज्जी खूष आहे.

आणि होतीच ती खूष. चांगली जेवत होती. दुपारी झोप लागत होती. कधी कधी सेटीच्या कडेला बसायची, जिथं मी दादाला बसवलं होतं तिथंच, आणि कापडावरून हात फिरवायची. मला दारातून ते बघताना एकाच वेळी भीतीही वाटायची आणि अभिमानही. इतकी वर्षं लिहितेय, पण माझ्या लिहिण्याचा कुणाला असा उपयोग झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. जे दादानं केलं नाही ते मी त्याच्याकडून करून घेतलं होतं. तो आला होता. त्याची माय त्यावर जगत होती. यात वाईट काय झालं, असं मी स्वतःलाच विचारायची, आणि उत्तरही मीच द्यायची.

त्यानंतरच्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे कागद घेऊन बसले. शेवटचं प्रकरण होतं, टेम्पोचं, आणि ते तिला वाचून दाखवायचं की नाही या विचारात मी होते. माय ताट समोर घेऊन बसली होती, पण पानांना हात लावला नव्हता.

"त्या दुपारी तो आलता," ती म्हणाली.

मी हातातले कागद मांडीवर ठेवले.

"मी गोळी घेऊन झोपले व्हते. तू दार उघडलंस."

"हो," मी म्हणाले.

"मग मला कामून उठविलं नाहीस?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. रागावलेल्या मायची मला सवय आहे, तिला तोंड देता येतं. ही तशी नव्हती. तिनं हा प्रश्न बरेच दिवस स्वतःपाशी ठेवला होता आणि मी आपण होऊन सांगेन म्हणून वाट बघितली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला पुस्तकातला तो प्रसंग आठवला. आईला झोपवली की प्रश्न मिटला. आता ती प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि उत्तर फक्त मलाच देता येणार होतं.

दोनच उत्तरं होती. एक खरं होतं. माय, तो आलाच नव्हता, कधीच आला नाही, ते मी रचलं. हे म्हणाले असते की मी सुटले असते. पण मग दादा पुन्हा उप्पलला गेला असता आणि कधी आलाच नसता, आणि हे तिला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं असतं, एखादं माणूस गेल्याचं ऐकावं तसं. मी तिच्या हातांकडं बघत राहिले. मला ते म्हणता आलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तोच म्हणाला, झोपू दे म्हणून."

"तो म्हणंल," माय म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं का, मी कोणाची वाट बघायले ते?"

तिनं ताट बाजूला सारलं, उठली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. त्या दिवशी अंबाडी तशीच सुकून गेली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. चहा मुलीकडं मागायची, गोळ्या मुलीकडून घ्यायची. मी समोर आले की तिची नजर माझ्यावरून दाराकडं जायची आणि तिथंच थांबायची. जे मी केलं नव्हतं त्याची शिक्षा मी घरात भोगत होते, आणि गंमत अशी की ती मला योग्यच वाटत होती. मी तिला झोपवली होती. स्वतःची सोय म्हणून झोपवली होती.

मग मी ठरवलं की हे लिहूनच दुरुस्त करायचं. दुसरं मला येतं काय? जे मागं जमलं नव्हतं ते आता जमवायचं. बेल वाजते, बहीण दार उघडते, आणि बेलच्या आवाजानं आई जागी होते. केस सुटलेले, पदर एका हातात, ती दारात येऊन उभी राहते. या वेळी शब्दांसाठी मला झगडावं लागलं नाही. तिच्या त्या एका प्रश्नानंतर तिचं सगळं बोलणं मला ऐकू यायला लागलं होतं. ती म्हणते, जेवलास का? तो म्हणतो, नाही. ती स्वयंपाकघरात जाते, भाकरी गरम करते, अंबाडीची भाजी वाढते आणि तो जेवत असताना समोर बसून राहते. बापाचं कुणी काढत नाही. निघताना ती म्हणते, येत जा, आणि तो म्हणतो, येतो की, आणि या वेळी मी अगले हफ्ते लिहिलं नाही. त्या ओळीवर जामबागेतल्या ऑफिसात, भर जेवणाच्या सुट्टीत, मी रडले. शेजारच्या गृहस्थांना सांगितलं सर्दी झाली आहे. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं लिहिलेलं नाही, हे मला लिहितानाच कळत होतं.

रविवारी मी मायला म्हणाले, नवीन लिहिलंय, ऐकतेस का. तिनं मान हलवली नाही, पण उठूनही गेली नाही. मुलीनं अंबाडी तिच्यासमोर ठेवली होती. मी वाचायला लागले. बेल वाजली तेव्हा तिचे हात चालत होते. आई जागी होऊन दारात आली तेव्हा ते थांबले. मी वर न बघता वाचत राहिले. जेवलास का, भाकरी, भाजी, येत जा. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं मला एकदाही मधे थांबवलं नाही, आणि मला वाटलं, सुटलो आम्ही. आता तो प्रसंग जाऊन हा येईल. तिच्या डोक्यात हीच दुपार बसेल आणि त्या दुपारी ती जागी असेल.

मी कागद खाली ठेवले. मायनं मान वर केली. त्या दिवसांत तिनं माझ्याकडं सरळ बघितलं ते पहिल्यांदाच.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"माय."

"असं झालंच नाही. मी झोपले व्हते आन तू मला उठविलं नाहीस. आता कशाला गोड करायलीस? झालं तसं लिही."

एवढं बोलून तिनं ताट मांडीवर ओढलं आणि एकेक पान खुडायला लागली. मी पेन्सिल घेतली आणि नव्या पानांवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून सांगितलं की तो प्रसंग आहे तसाच राहू द्या. संपादक म्हणाले, अहो, आम्ही कुठं काही म्हणतोय, तो उत्तमच आहे.

पुस्तक आता छापायला गेलं आहे. माय पुष्कळ काही विसरली आहे. मुलीचं नाव कधी कधी विसरते, नल्लकुंट्याचा पत्ता विसरते, वडील गेल्याचंही मधे एकदा विसरली होती. ती दुपार विसरलेली नाही. आणि मलाही ती आता दिसते. दार, त्यात उभा दादा, त्याच्या शर्टाचा रंग, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपलेली माय. दोन पावलांवर होती ती. मी तिला का उठवलं नाही, ते काही केल्या मला आठवत नाही.